फाळक्यांचा वाटाणा

मुक्काम : दिल्ली कॅन्टोन्मेंट

दादासाहेब फाळक्यांच्या 'अंकुराची वाढ' या छोट्या फिल्मबद्दल एक वाक्य बहुतेक सगळीकडे सापडतं. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला, महिनाभर रोज एक चित्र घेतलं आणि मिनिटाभरापेक्षा थोडी मोठी फिल्म तयार केली. वाक्य सुटसुटीत आहे, शाळेच्या पुस्तकात शोभेल असं आहे. फक्त त्यातला हिशेब जुळत नाही.

मी तोफखान्यातल्या सर्व्हेच्या ट्रेडमधला माणूस. आकडा दिसला की तो उलटा करून बघायची खोड आम्हाला देवळालीला लावली जाते. तेव्हा करून बघू. मूकपटाच्या काळात पडद्यावर सेकंदाला साधारण १६ चित्रं जायची. एका मिनिटाला ९६० चित्रं लागतात. रोज एक चित्र म्हणजे महिन्याची झाली ३०. ही तीस चित्रं १६ च्या वेगाने चालवली तर दोन सेकंदांत संपतात. प्रेक्षकाची पापणी लवायच्या आत वाटाणा उगवून वेल झालेला असेल, आणि असली फिल्म बघून कोणी शहाणा माणूस कर्ज देणार नाही.

आणि कर्ज तर मिळालं. यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी ही फिल्म पाहून पैसे द्यायची तयारी दाखवली. म्हणजे पडद्यावर बघण्याजोगं काहीतरी होतं. तेव्हा एकतर फिल्म मिनिटाची नव्हती, किंवा 'रोज एक चित्र' हे खरं नाही. प्रत्येक चित्र प्रिंट करताना तीस-तीस वेळा छापलं असेल अशी एक पळवाट निघते, पण मग ती वाढ दिसली नसती, एकामागून एक बदलणारे तीस फोटो दिसले असते. प्रोजेक्टर हाताने हळू फिरवला असेल म्हणावं, तर त्या काळची नायट्रेटची फिल्म दिव्यासमोर रेंगाळली की पेट घ्यायची. माझं मत असं की मिनिटाची गोष्ट खरी आणि रोज एका चित्राची गोष्ट पुढे कोणीतरी सोपी करून सांगितलेली. मिनिटाची फिल्म धरली तर दिवसाला ३२ चित्रं हवीत. उजेडाचे बारा तास धरले तर दर साडेबावीस मिनिटांनी एक. महिनाभर. घड्याळ बघून. हाताने.

हे कोणी केलं, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याकडे येण्याआधी थोडं मागे जावं लागेल, आणि गंमत म्हणजे त्यातला एक धागा थेट आमच्या या दिल्लीतून जातो.

१९११ च्या एप्रिलमध्ये फाळक्यांनी गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांच्या डोक्यात कृष्ण-रामाची चित्रं फिरू लागली, हे मराठी माणसाला सांगायला नको. तोवर त्यांचं वय चाळीसच्या वर गेलेलं. त्र्यंबकेश्वरचा जन्म, जे.जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचं कलाभवन, गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा, पुरातत्त्व खात्यात नोकरी, छापखाना. इतकं करून हात रिकामे. त्यांनी विम्याच्या पॉलिसी तारण टाकल्या, १२ हजारांच्या पॉलिसीवर १० हजारांचं कर्ज काढलं आणि १ फेब्रुवारी १९१२ ला लंडनला जाणारी बोट धरली.

आता दिल्लीकडे या. त्याच्या दीड महिना आधी, १२ डिसेंबर १९११ ला, इथे दिल्ली दरबार भरला होता. पाचव्या जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवत असल्याची घोषणा केली तो दरबार. उत्तर दिल्लीत बुराडीच्या बाजूला कॉरोनेशन पार्क आहे, तिथे त्या जागी दगडी स्तंभ उभा आहे आणि आजूबाजूला इंग्रज साहेबांचे काढून आणलेले पुतळे. रविवारी गेलात तर क्रिकेट खेळणारी पोरं जास्त आणि इतिहास बघणारे कमी. चार्ल्स अर्बन नावाच्या निर्मात्याने या दरबाराचं किनेमाकलर पद्धतीने रंगीत चित्रण केलं होतं. ती फिल्म लंडनच्या स्काला थिएटरात २ फेब्रुवारी १९१२ ला लागली, म्हणजे फाळके मुंबईहून निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी. ते लंडनला उतरले तेव्हा तिथे दिल्लीची हत्ती-घोडे-मंडप असलेली फिल्म जोरात चालू होती. ज्या देशातला माणूस चित्रपट शिकायला इतक्या लांब आला, त्याच देशाचं चित्र तिथले लोक तिकीट काढून बघत होते.

याच अर्बनच्या कंपनीतून दोन वर्षं आधी आणखी एक फिल्म आली होती, १९१० ची, 'फुलाचा जन्म' अशा अर्थाच्या नावाची. पर्सी स्मिथ हा तिचा कर्ता. शिक्षण खात्यात कारकुनी केलेला माणूस, लंडनच्या उत्तरेला साउथगेटला घर. कळीचं फूल होताना दिसावं म्हणून त्याने घरातच कॅमेरे मांडले, आणि ठराविक वेळाने चित्र घ्यायचं काम घड्याळाच्या चक्रांवर आणि हाताला येईल त्या भंगारावर सोपवलं. रात्री काही अडलं तर आपल्याला जाग यावी म्हणून घंटाही बसवली होती. तोफेच्या ठाण्यावर 'स्टँड टू'ला उठवणारी घंटा आम्हाला माहीत, ही फुलासाठी उठवणारी.

या विद्येत स्मिथ पहिला नव्हता. १८९८ ते १९०० च्या दरम्यान जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने झाडांच्या हालचाली अशाच पकडल्या. न्यूयॉर्कमध्ये १९०१ साली स्टार थिएटर पाडत होते, तेव्हा समोरच्या इमारतीतून बायोग्राफ कंपनीने त्याचं चित्रण केलं: दर चार मिनिटांना एक चित्र, दिवसाचे आठ तास, साधारण महिनाभर. कॅमेऱ्याला त्यासाठी विजेवर चालणारं खास उपकरण लावलं होतं. दिवसाला १२० चित्रं होतात, आणि त्यासाठी कॅमेऱ्याशेजारी कोणाला बसून राहावं लागलं नाही. आज आपण दुकानात 'टायमर द्या' म्हणून मागतो त्याचा हा आजोबा.

म्हणजे फाळके लंडनला गेले तेव्हा ही युक्ती जगाला माहीत होती, आणि यंत्राने ती कशी करायची हेही माहीत होतं. त्यांनी 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांना गाठलं, सेसिल हेपवर्थच्या वॉल्टनच्या स्टुडिओत आठवडाभर काम पाहिलं, पन्नास पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा नक्की केला, आणि १ एप्रिलला परतले. कॅमेरा आणि कच्ची फिल्म मे महिन्यात मुंबईत पोचली. खरेदीत कॅमेरा होता, फिल्मला कडेची भोकं पाडायचं यंत्र होतं, धुण्या-छापण्याचं सामान होतं. मोजून आणलेल्या पैशात आपोआप चित्र घेणारं घड्याळ कुठून बसणार?

त्या जातीच्या कॅमेऱ्याचं काम समजून घेणं गरजेचं आहे, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाजूला एक हँडल असतं. नेहमीच्या चित्रणात हँडलच्या एका फेऱ्याला आठ चित्रं निघतात. सेकंदाला दोन फेरे म्हणजे सोळा. म्हणून त्या काळचे कॅमेरामन मनात गाणं म्हणत हँडल फिरवायचे, लय सुटू नये म्हणून. याशिवाय अनेक कॅमेऱ्यांना दुसरा एक दांडा असायचा, त्यात हँडल बसवलं की एका फेऱ्याला एकच चित्र. वाटाण्यासाठी अशीच एक-एक चित्राची पद्धत हवी. पण यात एक मेख आहे. हँडल फिरवण्याच्या वेगावर फिल्मला मिळणारा उजेड अवलंबून. आज जरा घाईने फिरवलं, उद्या सावकाश, तर पडद्यावर वाटाणा उजळतो-विझतो. म्हणजे फक्त वेळेवर येऊन भागत नाही, हातही रोज तोच, निदान तसाच, हवा.

आणि ऋतू कोणता? कॅमेरा मे महिन्यात आला, म्हणजे हा प्रयोग मुंबईच्या उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर झालेला. (काही जण हा प्रयोग लंडनवारीच्या आधीचा मानतात, मला कॅमेरा आल्यानंतरचा जास्त पटतो.) शेतकऱ्याच्या घरातल्या कोणालाही विचारा, वाटाणा हे थंडीचं पीक. इथे दिल्लीच्या आसपास हापूर, सोनीपतकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरतात आणि डिसेंबर-जानेवारीत आझादपूर मंडी हिरवीगार होते. मुंबईच्या मे-जूनमध्ये वाटाणा रुजेल, वेलही चढेल, शेंगांची मात्र आशा नको. फाळक्यांना शेंग नकोच होती. दाणा फुटला, कोंब आला, वेल वर चढली, एवढं दिसलं की बास. पण आभाळ भरून आलं की उजेड दर तासाला बदलणार. दादरच्या मथुरा भवनात बिऱ्हाड होतं, तिथेच काचेची खोली आणि अंधारखोली. रोजच्या स्वयंपाकाच्या घरातच हे सगळं चाललेलं.

आता मूळ प्रश्न. या महिन्याभरात दादासाहेब काय करत होते? पैसे उभे करायला माणसं गाठत होते. पुढच्या 'राजा हरिश्चंद्र'ची जुळवाजुळव डोक्यात होती. असा माणूस सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत दर वीस-बावीस मिनिटांना कुंडीपाशी हजर राहू शकत नाही. लिहून ठेवलेला पुरावा माझ्याकडे नाही, पण ड्युटी रोस्टर लावणाऱ्या कोणालाही विचारा: एका माणसावर असा पहारा लागत नाही. दुसरा माणूस लागतो. आणि घरात दुसरं जाणतं माणूस एकच होतं.

सरस्वतीबाई फाळके. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी त्यांनी काय काय केलं हे नोंदलेलं आहे. कच्ची फिल्म भोकं न पाडता यायची, ती अंधारात बसून भोकं पाडायचं काम त्यांचं. रसायनं मिसळायची, फिल्म धुवायची, चित्रणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभं राहायचं, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. दागिनेही गहाण पडले. म्हणजे कॅमेऱ्याचं तंत्र त्यांना परकं नव्हतं. ज्या बाईने अंधारात एकेक भोक मोजून पाडलं तिला दर बावीस मिनिटांनी एकदा हँडल फिरवणं अवघड जाणार नव्हतं. म्हणून मी असं म्हणतो की हिंदुस्थानातल्या पहिल्या टाइमलॅप्सचा टायमर, निदान अर्ध्या पाळीपुरता, त्या असाव्यात. भाताला आधण ठेवायचं, कुंडीपाशी जायचं, एक फेरा. मुलाला भरवायचं, पुन्हा एक फेरा. याला माझ्याकडे कागद नाही, हिशेब आहे. कोणाकडे कागद असेल तर मला आनंदच होईल.

रात्रीचं काय? घरगुती दिव्यावर त्या काळच्या फिल्मवर चित्र उमटणं कठीण, म्हणून रात्र मोकळी सोडली असणार. पण झाड रात्रीही वाढतं. त्यामुळे पडद्यावर रोजच्या सकाळी वेलीने छोटी उडी मारलेली दिसली असेल. ती फिल्म आज बघायला मिळत नाही. 'राजा हरिश्चंद्र'चेही सगळे रीळ उरले नाहीत, तिथे कुंडीतल्या वाटाण्याला कोण जपणार.

या सगळ्या धावपळीत फाळक्यांच्या डोळ्यांनी दगा दिला होता हेही सांगायला हवं. लंडनला जाण्यापूर्वी अखंड सिनेमे पाहून, तीन-तीन तास झोप घेऊन, त्यांची दृष्टी गेलीच होती. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांनी ती परत आली. त्यातून उठलेल्या माणसाने विमा गहाण टाकून जे पहिलं काम दाखवलं ते देवाचं नव्हतं, राजाचं नव्हतं. कुंडीतल्या दाण्याचं होतं. सावकाराला हे पटवायचं होतं की हे यंत्र जे डोळ्याला दिसत नाही ते दाखवतं.

पुढे ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. तेही नाव त्याच राज्यारोहणाच्या हवेतलं. इथे कॉरोनेशन पार्क, तिथे कॉरोनेशन सिनेमा.

आता आमच्या धंद्याकडे वळतो, कारण 'टायमर' या वस्तूचा अर्धा इतिहास फौजेचा आहे आणि सिनेमाच्या पुस्तकांत तो सापडत नाही. कॅमेऱ्याला ठराविक अंतराने बटण दाबून देणाऱ्या यंत्राला 'इंटरव्हलोमीटर' म्हणतात. हा शब्द हवाई छायाचित्रणाने रूढ केला. विमानाच्या पोटात खाली तोंड करून कॅमेरा बसवायचा आणि उडत उडत जमिनीची चित्रं घ्यायची. नकाशा करायला आणि दुर्बिणीखाली उंच-सखल दिसायला प्रत्येक चित्र आधीच्या चित्रावर साधारण साठ टक्के चढलेलं हवं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचा एफ-२४ नावाचा कॅमेरा सर्रास वापरात होता, बर्माच्या आघाडीवरही. त्याचं निगेटिव्ह पाच इंच चौरस.

हिशेब असा. वीस इंचाची लेन्स, वीस हजार फूट उंची: चित्राचं प्रमाण येतं एकास बारा हजार. पाच इंचात जमीन मावते पाच हजार फूट. साठ टक्के चढवायचं म्हणजे दर चित्रामागे विमानाने दोन हजार फूट पुढे जायचं. ताशी २४० मैल म्हणजे सेकंदाला ३५२ फूट. दर साधारण पावणेसहा सेकंदांना एक चित्र. वैमानिकाने उंची बदलली, वारा पाठीमागून आला, की आकडा बदलतो. हे हाताने जमण्यासारखं नाही. समोरून विमानविरोधी तोफा चालू असताना तर मुळीच नाही. म्हणून विजेवरचा टायमर.

आमच्या जुन्या मंडळींना आग्र्याची १०६ स्क्वाड्रन आठवत असेल, छायाचित्रणाची कॅनबेरा विमानं घेऊन बसलेली. त्यांची चित्रं नकाशावाल्यांकडे आणि गनवाल्यांकडे यायची. आमच्या सर्व्हेत शिकवतात ते हेच: आधी अंतर काढा, मग यंत्राला हात लावा. यंत्र कोणतं हा प्रश्न शेवटी येतो.

हे मी का सांगतोय? गेल्या महिन्यात आमच्या एका निवृत्त सुभेदार साहेबांचा साताऱ्याहून फोन आला. नातवाला टाइमलॅप्सचा नाद लागलाय, कोणता टायमर घेऊ म्हणतोय. "तू दिल्लीत आहेस, चांदणी चौकात स्वस्त मिळतं म्हणे. बघ जरा." साहेबांचा हुकूम अजूनही हुकूमच असतो. आणि मलाही टायमर घ्यायचाच होता. चार वर्षांनी फॅमिली क्वार्टर मिळालं आहे. आमची मुलगी मला आजवर रजेरजेला दिसली, दर सहा-आठ महिन्यांनी एक चित्र, मधलं सगळं गाळलेलं. फौजी बापाला पोरं अशीच दिसतात, यात नवल नाही. तिला शाळेत बी रुजवण्याचा प्रकल्प दिला आणि मी म्हटलं, वाटाणाच लावू.

साहेब, तुमच्या नातवासाठी लिहितो. आधी अंतर. वाटाण्याला ३५ दिवस धरा. मिनिटाची फिल्म आजच्या २५ चित्रांच्या वेगाने म्हणजे १५०० चित्रं. ३५ दिवस म्हणजे ८४० तास. भागाकार केला की दर ३४ मिनिटांना एक येतं. पण वाटाण्याचे तणावे स्वस्थ बसत नाहीत. आधार शोधत हवेत गोल फिरतात, एक फेरा तास-दोन तासांत. डार्विनने १८६५ साली वेलींच्या या चालीवर मोठा निबंध लिहिला होता. ३४ मिनिटांनी चित्र घेतलं तर एका फेऱ्याची तीनच टोकं सापडतील आणि तणावा भूत लागल्यासारखा इकडेतिकडे दिसेल. फाळक्यांच्या फिल्ममध्येही तो थोडा तसाच दिसला असणार. म्हणून मी दहा मिनिटं ठरवली. ५०४० चित्रं, तीन मिनिटं वीस सेकंदांची फिल्म. नको तितकी नंतर गाळता येतात, न घेतलेली आणता येत नाहीत. शटर झिजेल ही भीती बाळगू नये, साध्या कॅमेऱ्याचं शटरही लाखाच्या आसपास टिकावं असं बनवलेलं असतं.

अंतर ठरलं की यंत्र आपोआप ठरत जातं. पहिली गोष्ट, कॅमेऱ्याच्या मेनूत आतच टायमर आहे का बघा. बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो आणि लोक बाहेर पैसे टाकून येतात. आमच्यात नाही.

चांदणी चौकात फव्वाऱ्याजवळ कूचा चौधरी नावाची गल्ली आहे, सगळा फोटोचा बाजार. तिथल्या दुकानदाराने आधी इन्फ्रारेडचा छोटा रिमोट काढला. "फौजी भाई, यही ले जाओ, सब यही ले जाते हैं." तो एका वेळी एकच चित्र घेतो आणि दर वेळी बटण दाबायला माणूस लागतो. सरस्वतीबाईंचं काम पुन्हा घरच्यांच्या गळ्यात. मग त्याने रेडिओवरचा, दोन तुकड्यांचा टायमर दाखवला. कॅमेरा टेकडीवर आणि आपण खाली असू तर तो उत्तम. घरातल्या कुंडीला दोन जागी सेल घालायची आणि दोन ठिकाणी बिघाडाची संधी द्यायची गरज नाही. शिवाय कॅन्टोन्मेंटमध्ये रेडिओची खेळणी जितकी कमी तितकं बरं. मोबाइलवरच्या अ‍ॅपचं तेच. मोबाइल आपल्याबरोबर ऑफिसला जातो आणि कुंडी घरी राहते.

उरला साधा वायरचा टायमर. वायर कॅमेऱ्याला जोडायची, आत दोन AAA, पेन्सिलपेक्षा बारीक ते सेल. फायदा असा की कॅमेरा झोपला असला तरी वायरचा टायमर त्याला उठवून चित्र घेतो, आणि दोन चित्रांमधल्या दहा मिनिटांत बॅटरी वाचते. घेताना दोनच गोष्टी बघायच्या. आपल्या कॅमेऱ्याचं भोक कोणतं, कारण प्रत्येक कंपनीचं वेगळं आणि एकाच कंपनीतही दोन-तीन प्रकारचं. कॅमेरा सोबत न्या आणि दुकानातच लावून बघा. दुसरी गोष्ट चित्रांची मर्यादा. बरेच स्वस्त टायमर ३९९ चित्रांपर्यंत मोजतात. दहा मिनिटांच्या अंतराने ३९९ चित्रं साडेसहासष्ट तासांत संपतात, तीन दिवससुद्धा नाहीत. मला मधेच आठवडाभर टेम्पररी ड्युटीवर जावं लागलं तर? म्हणून आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा येतात का, म्हणजे अमर्याद चित्रांची सोय आहे का, ते बघायचं. दुकानदाराला हे नवीन होतं. त्याने चार डबे उघडले. तिसऱ्यात रेघा आल्या.

बाकी व्यवस्था फाळक्यांच्या उलट. त्यांना उजेड हवा होता, मला बाहेरचा नको. दिल्लीत या दिवसांत धुकं कधी दहाला उठतं, कधी दिवसभर उठत नाही. म्हणून पडदा ओढला, एक एलईडी दिवा अखंड चालू ठेवला. वाटाण्याला लांब दिवस मानवतो. कॅमेरा सगळा मॅन्युअलवर, फोकसही. बॅटरीच्या जागी विजेचा अ‍ॅडॉप्टर, त्यामागे घरचा इन्व्हर्टर. तिपाईच्या पायांभोवती जमिनीवर खडूची खूण केली, झाडणाऱ्याचा धक्का लागला तर जागेवर आणता यावी म्हणून. हीही सर्व्हेचीच सवय. कॅमेऱ्याचं तोंड खिडकीकडे नाही, भिंतीकडे. कॅन्टोन्मेंटमध्ये राहणाऱ्यांना कारण सांगायला नको.

नातवाला एवढं जरूर सांगा की बाहेर, जंतरमंतरसारख्या ठिकाणी, तिपाई लावायची असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. तिथलं सम्राट यंत्र सवाई जयसिंहाचं, १७२४ चं. त्याची सावली सरकताना टाइमलॅप्समध्ये फार सुंदर दिसेल. फाळके त्याच खात्यात नोकरीला होते म्हणून सवलत मिळत नाही, मी विचारून पाहिलं नाही.

टायमर पंजाबी पार्सलवाल्याकडून साताऱ्याला पाठवला आहे, साहेब. दुसरा आमच्या कुंडीपाशी आहे. दर दहा मिनिटांनी आतल्या खोलीतून शटरचा आवाज येतो. सौ. सुरुवातीला दचकायची, आता तिला त्यावरून कुकरची वेळ कळते. काल तिने विचारलं, "अहो, त्या फाळकेबाईंना रविवार तरी होता का हो?"

रविवारी मुंबईतही सूर्य उगवत होता. ३२ चित्रं.